बार

बार म्हटलं की मला सळई आठवते.
आठची, बाराची, सोळाची,
रोलिंगच्या तोंडातून लाल जिभेसारखी सुटलेली.
एकोणीस वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत काढली,
बारीक आवाज सगळे तिथंच राहिले.
कानात घालायचे बोळे मिळायचे म्हणा,
त्यांनी आम्ही कॅन्टीनच्या पंख्याची खडखड बंद केली.

हा बार लाटण्यापेक्षा वीतभर लांब.
चार हजार नऊशे, सिंधी बाजार.
दुकानातला मुजम्मिल म्हणाला, काका,
वायफाय आतच आहे,
गाणं थेट हवेतून येतं.
मी म्हणालो, पाणी येतं का बघ की तसंच,
आमच्या गल्लीत नळाचा आज नववा दिवस.

खोक्यात एक वायर, दोन खिळे, एक रिमोट.
माहितीचं पुस्तक सात भाषांत, आपली त्यात नाही.
पडदा नाही. पुढं चार दिवे:
निळा म्हणजे मोबाईल, हिरवा म्हणजे टीव्ही,
पांढरा म्हणजे हवेतला,
आणि तांबडा लागला
की चूक आपलीच समजायची.

माझ्या कानांवर भरवसा ठेवू नका.
मी तळव्यानं तपासलं.
फळीवर बार, बारावर हात,
शेजारी अर्धा पेला पाणी.
विसावर पाणी शहारतं.
तिसावर बारच थरथरतो,
आणि ज्याला भार पेलतो तो थरथरत नसतो
एवढं मिलमध्ये शिकलोय.
ढोल म्हणावा तर डबा आहे.
पण पाच हजारांत डबा बरा आहे,
फुसका बार नाही.

रात्री आठला अख्खी गल्ली नेटवर बसते,
तेव्हा गाण्याला उचकी लागते.
लाईट जाऊन आली
की हा घरचा पासवर्ड विसरतो,
नव्या जावयासारखी पुन्हा ओळख करून द्यावी लागते.
हे लिहून ठेवा. याचे गुण कापलेत.

रिमोटवर एक बटण आहे, तोंडाचं चित्र असलेलं.
दाबलं की तबला मागं सरकतो
आणि बातम्यांतला माणूस दात घासून आल्यासारखा बोलतो.
मी ते दाबलं, आणि तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी
शशिकला मोबाईलमध्ये किराणा बोलून ठेवत होती,
दुकानदाराला पाठवायला.
बरोबर बोलले का म्हणून तिनं परत लावलं,
मोबाईल बाराला जोडलेला,
आणि यादी भिंतीतून आल्यासारखी घरभर आली:
साखर दोन किलो.
शेंगदाणे अर्धा.
साबण, सोडा, शेवया, सुंठ.

सुंठ!
स असा असतो होय.
जशी थंड पाण्यात तापलेली सळई.
सात-आठ वर्षं मी तिच्या ओठांकडं बघून
उरलेल्या अक्षरांवर सामान आणतोय.
शेंगा सांगितल्या, वांगी आणली.
ती काही बोलली नाही. भाजी केली.

यादीच्या शेवटी तिनं पत्ता सांगितला,
आणि नाव: शशिकला गव्हाणे.
त्या नावात दोन श आहेत हे मला ठाऊक होतं,
लग्नपत्रिकेत वाचलं होतं की.
वाचणं वेगळं.

"कामून असं बगायलात?"
पुन्हा लाव, म्हणालो.
"किराणाच्या यादीत काय ऐकायचंय?"
पण लावली.
मुजम्मिलनं सांगितलेलं एकही गाणं
मी अजून पूर्ण ऐकलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन.
दीड कशाचा कापला ते वर सांगितलंच,
शिवाय एक खिळा वाकडा निघाला.
शेजारच्या पंडितरावांना घ्यायचा असेल तर
त्यांनी आपल्या कानांनी ऐकून घ्यावा,
माझं मत धरू नये.

वॉरंटी एका वर्षाची आहे.
खोकं माळ्यावर ठेवलंय, बिल आत आहे.