धाब्यावरचं गवत

माघात तापी गुडघ्याएवढी होते,
तेव्हा सारंगखेड्याजवळून दोन गाड्या पाण्यात उतरल्या.
पहिलीत जातं, नांगराचा फाळ, दादरचं बी,
कळण्याच्या पिठाची गोणी आणि खोकणारी शेळी.
दुसरीत केवळ, मांडीवर कोंबड्यांची डालगी घेऊन.
पोरगं चालत होतं. त्याला जागा नव्हती.
कोंबड्यांना होती, हे ते पोरगं
माझे आजोबा झाल्यावर, ऐंशीव्या वर्षीही,
रागानं सांगायचं.

वहीत यातलं काही नाही.
सुपडूच्या वहीत फक्त खर्च:
कुदळी दोन. सोल एक. गूळ अडीच शेर.
बैल मंगळ्या, पाय मोडला.
त्यापुढे आकडा घातलेला नाही.

गोमाईच्या पल्याड, सातपुड्याच्या पायथ्याला
सरकार म्हणालं होतं, जो वहीत करील त्याची,
पाच वर्षं सारा माफ.
जमीन मोकळीच आहे, म्हणालं होतं.
मोकळी म्हणजे पळस. मोकळी म्हणजे बोरी, अंजन,
आणि कुंदा, ज्याचं मूळ
उभा माणूस मावेल एवढं खणलं तरी
खाली चाललेलंच असतं.
केवळ त्याला 'जाऊबाई' म्हणायची.

पावसाआधी त्यांनी घर घातलं.
चार भिंती मातीच्या, वर सागाच्या फळ्या,
फळ्यांवर काड्या, काड्यांवर खारी,
वीतभर, चोपून चोपून.
आषाढात धाब्यावर गवत उगवलं.
शेळी चढली चरायला.
तिचा एक पाय थेट चुलीवर उतरला,
आणि केवळ, म्हणे, त्या नव्या मुलखात
पहिल्यांदा हसली.

विहिरीला बत्तीस हातांवर काळा पाषाण लागला.
कोरडा. सुपडू दोन दिवस आतच बसून राहिला.
वेस्ता नावाचा एक भिल
रोज तिन्हीसांजेला येऊन बांधावर बसायचा.
बोलायचा नाही. बघायचा.
तिसऱ्या दिवशी त्यानं आत वाकून हाक दिली:
"आठे नही. तठे. उंबर शे ना, तठे खन."
एकोणीस हातांवर पाणी लागलं,
गोड, थोडं पानांच्या वासाचं.

त्याला कसं ठाऊक, हे कुणी विचारलं नाही.
केवळनं विचारलं असेल.
कारण उंबराखाली तिला सापडलेला पाटा,
मधोमध झिजून खोलगट झालेला,
तिनं कधी वापरला नाही.
धुऊन तिथंच ठेवला, पालथा.

वहीत पुढे दर साली एक ओळ येते:
वेस्ता, दादर, टोपली एक.
अकरा वर्षं. एका वर्षी टोपली दीड.
बाराव्या वर्षी ती ओळ नाही.
तिच्या जागी, त्याच अक्षरात:
काटेरी तार, भेंडोळी दोन.

आज मोजणी आहे.
तीन भाऊ, तीन वाटे.
मोजणीदार छत्रीखाली उभा, हातात यंत्र,
आकाशातून कुठून तरी खुणा येताहेत त्याला.
"शेताचं नाव?"
दादा म्हणाला, गट एकशे अठरा.
चहा घेऊन आलेली वहिनी म्हणाली, वेस्त्याचं.
आम्ही सगळेच तसं म्हणतो.
वेस्त्यात पाणी सोडलं का? वेस्त्यातली केळी कापली का?
मोजणीदारानं कागद वर-खाली पाहिला.
तसा रकाना नव्हता.

मी आलेय हक्कसोडावर सही करायला.
बहिणींनी करायची असते.
दादानं माझ्यासाठी गाडी पाठवली होती धुळ्याला,
साडी आणून ठेवलीय, रंगही बरा आहे.
पेन चालेना, म्हणून वहिनी दुसरं आणायला गेली,
तेवढ्यात मी गच्चीवर आले.

आता स्लॅब आहे. वर टाकी, डिश, वाळत घातलेल्या बिबड्या.
टाकीखालच्या भेगेत दोन बोटं गवत.
खालून हाक आली, "ताई, मिळालं पेन!"
मी गवत चिमटीत धरून ओढलं.
पाती हातात आली.
पाती तशीच मुठीत घेऊन जिना उतरले,
आणि डाव्या हाताची मूठ न उघडता
जिथं जिथं दाखवलं
तिथं तिथं सही केली.