बटण असलेली काठी

गुरुवारी रात्री, मुहर्रकमध्ये, शिंप्याच्या दुकानावर
माझ्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण
वीस बाजूंचा फासा टाकायचो.
गोष्ट मी सांगायची. बाकीचे तिच्यात शिरायचे
आणि मी आखलेल्या वाटेने एकदाही गेले नाहीत.

खजिना सापडला की झुंबड.
वृषाली खोतला जळती तलवार हवी,
रोडेलला उडते बूट,
कारण दिवसभर शिड्या चढून गुडघे गेलेत.
कुरियनला अदृश्य करणारा झगा,
सुपरवायझर शोधत असतो म्हणे.
उरलंसुरलं झुबेर पारकरचं.
झुबेर जहाजदुरुस्तीच्या गोदीत मचाणं बांधायचा.
गाव दाभोळच्या अलीकडे, खाडीला लागून.
'कुणीतरी उचलायला हवं ना,' एवढंच म्हणायचा.

त्याच्या कागदावर, बोथट पेन्सिलीत:
बटण दाबलं की हवेत जिथल्या तिथे खिळणारी काठी.
खाऱ्या पाण्याचा बुधला, कधीच न संपणारा.
कुणी खोटं बोललं की शिंकणारा पितळेचा बेडूक.
भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारख्या
मीच टाकल्या होत्या या वस्तू, भरतीला.

राक्षस मागे लागला त्या रात्री
वृषाली तलवार परजून उभी.
झुबेरने खिंडीत, घोट्याच्या उंचीवर
काठी आडवी धरली, बटण दाबलं
आणि चहा ओतायला उठला.
'फासा टाक,' मी म्हटलं.
'मी कशाला? पडायचंय त्याला. त्याला टाकू दे.'

मग ती कोरडी विहीर. चाळीस हात खाली
लाकडी पेटी, अवजड, कड्या गंजलेल्या.
दोर किती लागेल, कोण उतरेल, यावर
पाऊण तास भांडण.
झुबेरने बुधल्याचं बूच काढलं,
बुधला विहिरीत सोडला.
'जेवून घेऊ,' म्हणाला.
आमची कोलंबी संपेपर्यंत पेटी काठाला आली होती.
'जहाज कुणी उचलत नाही, बाई.
पाणी चढवायचं असतं.'

त्या रात्री भांडी घासताना
मी माझी वही नव्याने लिहायला घेतली.
प्रत्येक क्षुल्लक वस्तूपुढे एक प्रश्नचिन्ह.
कोमट राहणारा दगड?
स्वतःच ओवली जाणारी सुई?
एकच दार उघडणारी, पण कुठलं ते न सांगणारी किल्ली?
मला उत्तरं सुचली नाहीत.
त्याला सुचतील म्हणून तशाच ठेवल्या.

फेब्रुवारीत कंपनीने त्याला कागद दिला.
मार्चअखेर खोली रिकामी.
पानं गोळा करताना वृषालीने विचारलं,
'परत येशील ना?'
'येईन की,' म्हणाला.
बेडूक त्याच्याच कागदावर होता,
आणि बेडकाची शिंक माझ्याकडे असते.
मी ती गिळली.
फासे पिशवीत भरत राहिले, दोनदा मोजले.

जाताना तो दारातून मागे आला.
ट्यूबलाइट आणि पडदा यांच्या मधे
हात लांब करून, एक डोळा मिटून
मचाणवाल्याच्या सवयीने पातळी बघितली.
मुठीत काही नव्हतं.
अंगठा दाबला.
'असू दे इथे. कपडे वाळत घाला.'

आता ऑगस्ट. खिडकीच्या काचांना बाहेरून घाम,
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
एक नवा पोरगा येतो, बँकेतला,
पहिल्याच दिवशी त्याने जळती तलवार मागितली.
मी ट्रे घेऊन आत येते
आणि पडद्यापाशी थोडी वाकते.
रोडेल वाकतो. वृषाली तर वळसाच घालते.
'काय आहे तिथे?' पोराने विचारलं.
कुरियनने फाशावरून नजर न काढता सांगितलं,
'डोकं सांभाळ.'