डावा हात

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
"पेट्या दुरुस्त करून मिळतील" एवढंच पाटीवर;
खालचं नाव उन्हानं खाल्लं.

देवाजी धकातेची पेटी पहिल्यांदा आली
तेव्हा तो एकोणीसचा, पेटी त्याच्याहून म्हातारी.
सगळ्या पट्ट्या सारख्या झिजलेल्या,
खर्जापासून वरपर्यंत. मी ओळखलं,
हा पोरगा वाजवतो, दाखवत नाही.

बाप मागावर. खटक-खट, खटक-खट,
लुगड्याची किनार बोटबोट पुढं सरकायची
आणि पोरगा त्याच ठेक्यावर गायचा.
तबलजी ठेवायला पैसे नव्हते,
हे तो पुढं मुलाखतींतून फार गोड करून सांगायचा.
तेव्हा गोड नव्हतं.

मग झाडीपट्टी. दिवाळी सरली की वडसा,
धान कापलेल्या बांधीत मंडप,
रात्री दहाला पडदा, पहाटे पाचला भैरवी.
खलनायक तोच, भैरवीवालाही तोच.
पहिल्या अंकात बहिणीची जमीन लिहून घ्यायचा,
लगेच विंगेत येऊन, मिशी न काढता,
तिच्याच रडण्याला पेटीची साथ द्यायचा.
पवनीच्या बाजारात एका बाईनं
वांगी तोलता तोलता तागडी खाली ठेवली:
"तुले नाही देत. आधी बहिणीचं वापस कर."
हा पुरस्कार त्यानं कुठल्या कपाटात ठेवला, माहीत नाही.

दर होळीला पेटी माझ्याकडं यायची.
भात्यात धानाचा भुसा, पट्ट्यांखाली गालाची लाली,
एकदा तर चक्क अर्धी मिशी.

नंतर मुंबईची मालिका. देवाजीचा देव झाला,
धकाते गल्लीतच राहिलं.
चार वर्षं, रोज साडेआठला,
तो कोणाच्या तरी लेकीचा सोशिक बाप.
बर्डीवर फलक: सिमेंट. संत्रा बर्फी. मतदान करा.
हसू तेच, हातातली वस्तू वेगळी.
पेटी आली नाही. मी विचारलं नाही.

सत्काराला मात्र गेलो.
देशपांडे सभागृह, शेवटून दुसरी रांग.
शाल, श्रीफळ, चांदीच्या डहाळीला चांदीचं संत्रं.
आमदार म्हणाले, "देवभाऊ, दोन ओळी होऊन जाऊ द्या."
पेटी आणली, नवी, चकचकीत. तो गायला.
लोक उभे राहिले.
उजवा हात सगळेच पाहतात.
मी डावा पाहिला. भाता हलत नव्हता.
सूर कुठून तरी भिंतीतून येऊन राहिला होता.
बाजूचा म्हणाला, "टाळ्या वाजवा ना, काका."
वाजवल्या. आमच्या गल्लीचा पोरगा आहे.

मे महिना, दुपारचे दोन,
कुत्रंही नालीतून उठत नाही अशा वेळी तो आला.
तोंडाला दुपट्टा. इथं उन्हाळ्यात सगळेच बांधतात,
नावाजलेल्या माणसाला याहून बरं शहर नाही.
जुनी पेटी स्कूटरवर, पायांच्या मध्ये.
"सूर लागून नाही राहिला, खेमराज."
"पेटीचा?"
तो पाणी प्याला. माठातलं, दोन गडवे.

उघडली. उंदरानं भात्याचं कातडं कुरतडलेलं,
खर्जाच्या निषादावर कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं,
आणि तळाशी, बाप्पा, उरलेली अर्धी मिशी.
दोघं हसलो. तो जरा जास्त वेळ.

मग कान देऊन म्हणाला, "माग नाही ऐकू येत?"
"बंद झाले. शेवटचा तुझ्या बापाचाच होता."
हे त्याला माहीत असायला पाहिजे होतं.
असेलही.

दोनशे दिले, बाकीचे नेताना देतो म्हणाला,
दुपट्टा बांधला, आणि चौकातल्या
बांधलेल्या तोंडांत मला पुन्हा सापडला नाही.

सात महिने झाले, पेटी तयार आहे.
चिठ्ठी लावली: देवाजी धकाते, बाकी अकराशे.
भात्याला हवा लागली पाहिजे,
म्हणून रोज दुकान उघडलं की
डाव्या हातानं पाच मिनिटं नुसता हलवतो.
पट्टी दाबत नाही.
गिऱ्हाइकाचा माल आहे.