तपासताना ठीक आढळले

टेलिफोनच्या तक्रार टेबलावर सव्वीस वर्षं बसले मी,
कोपरखैरणे एक्स्चेंज, दुसरा मजला.
मेलेला फोन सोपा.
तार तुटलेली असते, कुणीतरी खांबावर चढतं,
जोडतं, उतरतं.
खरी नड ‘कधीकधी’वाल्यांची.
कधीकधी खरखरतो हो, कधीकधी आपला गप्पच.
लाइनमन पोचेपर्यंत डायलटोन खणखणीत,
आणि कागदावर आमचा शिक्का:
तपासताना ठीक आढळले.

आता माझी पाळी.
दोन हजार एकची झेन, रंग मूळचा चंदेरी.
सेल्फ मारला की नुसतं टक्.
पुन्हा टक्.
मग काही घडलंच नाही अशा थाटात सुरू.

रबाळ्याला नाल्याच्या कडेला जनार्दन मढवीचं गॅरेज.
तिथे नेली की एका चावीत गुरगुरते,
रात्रभर रडलेलं पोर डॉक्टरांकडे बघून हसावं तशी.
“ताई, गारी त बरी हाय तुमची.”
तरी माझ्या समाधानासाठी एकदा बॅटरी बदलली,
एकदा सेल्फचे कार्बन,
एकदा चावीखालचा स्विच.
दर वेळी आठ दिवस सुखाचे.
लेक म्हणाली, विकून टाक.
जावयांनी टॅक्सीचा हिशेब पाठवला, चक्क तक्ता करून.

मी वही केली.

जुईनगर, पोस्टासमोर, दुपारी दोन पाच. ऊन.
पंचवीस मिनिटं थांबले होते. टक्.
ऐरोली, घराखाली, सकाळी सात. लागली.
वाशी, दवाखाना, साडेचार. टक् टक् टक्, मग लागली.
(आत माझ्या धडधडीची पट्टी काढली होती.
सरळ, देखणी आली.
डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत काही लिहिलं,
शिक्का आमचाच.)
ऐरोली, भाजी घेऊन, सात दहा. टक्.
एका स्कूटरवाल्याने धक्का मारला. नाव विचारायचं राहिलं.

सहाव्या पानावर दिसायला लागलं.
गार असते तेव्हा अडत नाही,
पळत असते तेव्हा तर नाहीच.
तापून थांबते, आणि पुन्हा निघायचं असतं,
तेव्हा.

घणसोलीच्या पंपावर परवा टक् झालं
आणि मी दुसऱ्यांदा चावी फिरवली नाही.
मागचे हॉर्न वाजवत राहिले.
पंपावरच्या पोरांनी गाडी ढकलून हवेच्या मशिनपाशी लावली.
जनार्दनला फोन केला: तू ये. आत्ता.
दुखतंय तोवर ये.

तो बाइकवरून आला, बनियनवर शर्ट अडकवत, मीटर खिशात.
एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक इंजिनाच्या अंगाला.
“मारा ताई सेल्फ.”
टक्.
जिथे शून्याच्या आसपास काटा हवा
तिथे तो साडेतीनवर जाऊन थरथरला.
“अर्थ लागत नाय,” जनार्दन म्हणाला.
मी म्हटलं, मला तर गेले सात महिने.
तो हसला नाही, पाना शोधत होता.

इंजिनाखाली बोटभर रुंदीची विणलेली पट्टी.
वरून धड.
बोल्ट सोडला तर खाली हिरवी भुकटी,
वीस वर्षांचा खाडीचा वारा बसलेला,
आणि दोनचार तारा तेवढ्या धरून होत्या,
गार असेपर्यंत.

नवी पट्टी एकशे साठ रुपये.
पॉलिश पेपरने जागा घासली त्याचे त्याने घेतले नाहीत.

वहीत तेव्हापासून नुसतं लागली, लागली,
एक्केचाळीस वेळा.
लेक विचारते, झाली ना दुरुस्त?
मी म्हणते, अडली नाहीये.
जुईनगरला पोस्टासमोर थांबले की
मुद्दाम पंचवीस मिनिटं बसते,
काच वर घेते, रेडिओ बंद करते,
आणि चावी फिरवण्याआधी
जरा ऐकते.