केसभर

ब्रनोच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी केस मोजते.
लोक ऐकून हसतात. मीही हसते,
आणि पुन्हा मोजायला बसते.

एक चौरस सेंटिमीटर.
पोस्टाच्या तिकिटाहून लहान तुकडा माथ्याचा,
मधोमध निळा ठिपका, गोंदलेला,
सहा महिन्यांनी नेमकं इथेच परतता यावं म्हणून.

व्लास्तिमिल कोउकाल. बेकरीवाला. वय एकेचाळीस.
रात्रभर डोक्यावर पांढरी टोपी,
पहाटे गरम रोह्लिकांच्या टोपल्या,
त्याचं टक्कल बघायला जागं असतं कोण?
तरी आला.
आमच्याकडे व्लास म्हणजे केस,
व्लास्त म्हणजे मायदेश.
"नावातला मायदेश जागेवर आहे," म्हणाला,
"केस तेवढे परागंदा."

सकाळी एक मिली, रात्री एक मिली.
डॉक्टरीणबाईंनी समजावलं:
रक्तातून संप्रेरक येतं, केसाच्या मुळाशी
ठरल्या जागी बसतं,
आणि दर खेपेला उगवणारा केस थोडा बारीक, थोडा आखूड.
औषध काय करतं? आधी पोचून
त्या जागेवर रुमाल टाकतं.
त्याच्या बाटलीत रुमाल आहे की नुसतं स्पिरिट
हे त्याला ठाऊक नाही, मला नाही,
बाईंनाही नाही.

तिसऱ्या आठवड्यात पावाच्या कागदी पिशवीतून
गळलेले केस घेऊन आला. "हेही मोजा."
माझ्या तक्त्यात त्यांना रकाना नव्हता.
मोजले. त्रेसष्ट.
कुठेच लिहिले नाहीत.

चौथ्या महिन्यात बायको म्हणाली, दाट वाटतायत.
पाचव्या महिन्यात मेहुणा म्हणाला, कसले दाट,
दिवा बदललाय तुम्ही न्हाणीघरातला.

मार्चमध्ये, बुटांना बर्फाचा चिखल लावून, शेवटचा फोटो.
आधी एकशे बेचाळीस.
आता एकशे एकोणचाळीस.

महिन्याभराने पाकिटं फोडली. त्याच्या बाटलीत औषध होतं.
आणि पोहण्याच्या तलावावरचा तो लुबोर,
नुसतं स्पिरिट चोळून
चार केसांनी वधारला होता.

"म्हणजे काम करत नाही," व्लास्तिमिल म्हणाला.
मी म्हटलं, जो व्लास्तिमिल काहीही न लावता
हे सहा महिने जगला
त्याला आणा, या खुर्चीत बसवा, मग सांगते.
तो कधीच येत नाही.
त्याचा अंदाज आम्ही परक्या डोक्यांवरून बांधतो,
शेकडो डोकी, बेरजा, भागाकार,
आणि फरक हाती लागतो तो केसभर.
त्याला शून्य लिहायला हात धजत नाही.
"जाहिरातीतलं डोकं?" त्याने विचारलं.
ते मी कधी मोजलेलं नाही.

टोपी चढवताना दारात थांबला.
हा निळा ठिपका जाईल का?
नाही, म्हटलं. तो राहतो.

शनिवारी त्याच्या बेकरीत पाच रोह्लिक मागते.
घरी येऊन, सवयीने, मोजते.
सहा.