माप

मिरजेच्या दवाखान्यात एक पोरगी फॉर्म भरून घेते.
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, पेनाला टोपण नाही.
इलाहीमामा, गेल्या सात दिवसांत
पिशवी गळेल अशी काळजी वाटली का?
अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप.
चार चौकोन.
मी म्हणतो, सोमवारी थोडी. बुधवारी एकदाच, पण खूप,
पुतणीच्या शादीत, जेवायला मांडी घालून बसलो तेव्हा.
ती म्हणते, एकच खूण करायची असते.

यंदाच्या उरुसाला दोन वर्षं झाली.
आतली पिशवी काढली, बाहेर एक लावली.
डॉक्टर म्हणाले, समजा, पोटावर गुलाबाची कळी उमललीय.
तानपुऱ्याच्या दांडीवर मी जन्मभर वेलबुट्टी कोरली,
कळी मला कळते.
ही कळी नव्हे. ओठ म्हणा हवं तर,
बोलत नाही आणि मिटतही नाही.

सुरुवातीला चकतीचं भोक नर्स कापून द्यायची.
कातडी सोलून निघायची, रात्रभर आग.
मग मी कंपास काढला,
घोडीची हाडाची पट्टी मोजतो तसं मोजलं:
आडवं सव्वीस, उभं चोवीस.
गोल नाहीच मुळी ते.
कुणी सांगितलं होतं गोल?
तेव्हापासून गळत नाही. फारसं.

बिडी का पॉलिश, ह्यावर घरात दोन तट आहेत.
शमशाद म्हणते बिडी.
थोरला म्हणतो पॉलिश, म्हणून तो गॅरेजला जातो.

भीमेकाठचा भोपळा आम्ही वर्षभर माळ्यावर वाळवतो.
गर काढतो, बिया काढतो,
रिकामा झाल्याशिवाय तो बोलत नाही.
हे मी विट्याच्या एका यंत्रमागवाल्याला ऐकवलं,
नवा होता, टाके ओले.
तो म्हणाला, मामा, भोपळ्याला रात्रीत चारदा उठावं लागत नाही.
खरं होतं.
मग त्याला रात्रीची बाटली नळीला कशी जोडायची ते दाखवलं,
भोपळ्याचं पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

नमाजाचं मौलानांना विचारताना कान तापले माझे.
ते म्हणाले, दर वक्ताला नवी वजू करा,
बाकीचा हिशेब तुमच्याकडं नाही.
तरी मी शेवटच्या ओळीत उभा राहतो, दाराशी.
हे मात्र कुणी सांगितलेलं नाही.

शेवटून दुसरा प्रश्न पोरीनं माझ्याकडं न बघता वाचला,
बायकोशी... पुढचं गिळलं.
मी म्हणालो, शमशाद आता डाव्या अंगाला झोपते.
सदतीस वर्षं उजवीकडं झोपायची.
झोपेत तिचा हात जुन्या सवयीनं पलीकडं जातो
आणि तिथंच जागा होतो.
ह्याला कुठला चौकोन?
पेन थोडा वेळ हवेत राहिलं.
मग तिनं स्वतःच 'बरीच'वर खूण केली.
बहुतेक बरोबर केली.

एकंदर आयुष्य, सातपैकी किती?
चार, म्हणालो. बस चुकली असती.

गुरुवारी सांगलीहून देशिंगकरबाई आल्या, तानपुरा न्यायला.
दुकानात आम्ही दोघंच. पंखा बंद केला.
पुढं वाकलो की शर्टाखाली पिशवी चुरचुरते,
भज्यांचा कागद उलगडावा तशी.
तारेखालचा सुताचा दोरा सरकवून सरकवून
कान एवढा बारीक केला,
तो आता हे ऐकतो.
बाईंनी डोळे मिटले होते. कपाळावर आठी आली.
ऐकलं, मला वाटलं.
डावा हात आपोआप शर्टावर गेला.

मामा, त्या म्हणाल्या,
पंचम जरा उतरलाय.

उतरलाच होता. केसभर.
मी मणका सरकवला.