मूळ इंजिन

सजा. शारजाबाहेरची ही गॅरेजांची वस्ती.
पहिल्यांदा पत्ता कळवला तेव्हा
आईनं शेजारच्या मुनाफला विचारलं होतं,
किती वर्षांची?

त्याला सव्वीस वर्षं झाली.
आज गिऱ्हाईक आलंय : उबैद, जेमतेम बाविशीचा,
कंदुरा इतका पांढरा
की बॉनेट मीच उघडतो, त्याला हात लावू देत नाही.

एक्क्याऐंशीची लँड क्रूझर. वाळूचाच रंग.
वाकून बघतो, म्हणतो, उस्ताद, इंजिन ओरिजिनल?

नाही बाबा. खोटं कशाला.
मूळचं सहा सिलिंडरचं, बदायरच्या चढावर
भर ऑगस्टात बसलं.
हे आठाचं, शेवरलेचं, उलटलेल्या गाडीतून काढलेलं.
मधली प्लेट सियालकोटच्या रसूलनं लेथवर कातली,
तीनदा चुकली, चौथ्यांदा बसली,
आणि पहिल्या स्टार्टला
समोरच्या मलबाऱ्याच्या हातून चहाचा ट्रे पडला.

पासिंगवाल्यांनी दोनदा परत धाडलं.
आता मुल्कियात नवा नंबर आहे, शिक्क्यासकट.
(माझ्या व्हिसावर अजून टाइल फिक्सर.
एक फरशी बसवली नाही जन्मात.)

दोष सगळे सांगून टाकतो :
दुसरा गिअर लाडीगोडीनं पडतो.
चढावर काटा लालाकडे सरकला
तर एसी बंद, हीटर चालू, काचा खाली.
भाजून निघशील,
पण ती पोचवते.

बत्तीस हजार म्हणालो. अठ्ठावीसवर हात मिळाले.
नोटा मोजता मोजता तो थांबला.
माझ्या आजोबांकडे हीच होती, सहाची.
मी मागे झोपायचो, आवाज अजून कानात आहे.
ते जुनं इंजिन कुठे आहे का?

भंगारात गेलं, म्हणालो.
बारा वर्षांपूर्वीच.

तो गेला. फाटकाबाहेर वळताना
दुसरा गिअर त्याला पहिल्या झटक्यात पडला.
मला कधी पडला नाही असा.

मागच्या शेडमध्ये ताडपत्री काढली.
नवे पिस्टन, नव्या रिंगा, शुक्रवार-शुक्रवारी जमवलेलं;
महिन्यातून एकदा हातानं क्रँक फिरवायचो,
गंजू नये म्हणून.
कोणत्या गाडीसाठी, हे कधी ठरवलंच नव्हतं.

व्हिसा पंधरवड्यात संपतोय.
विमानात तीस किलो नेता येतात.
हे तीनशेच्या खाली नाही.

बारा नंबरचा पाना घेतला
आणि कार्ब्युरेटर सोडवायला बसलो.